मातीचा अहवाल वाचताना

(उद्योगक्षेत्रांतील मातीत विषारी लेशमूलद्रव्ये कशी मोजतात, याविषयी स्मृतिव्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम वंदन करतो. विज्ञानाच्या शिक्षकाची खरी शिकवण सूत्रांपेक्षा सवयींत असते. वजन करण्यापूर्वी तराजूचा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहावे, ही शाळेच्या प्रयोगशाळेतील पहिली सवय. आजचा माझा विषय या एका सवयीचाच विस्तार आहे. मातीतील विष मोजावयाचे तर काट्याचे शून्य कोठे धरावयाचे, हा प्रश्न वाटतो त्याहून पुष्कळ कठीण आहे. तो नीट न सुटल्यामुळे कधी निर्दोष जमिनीवर डाग लागतो, तर कधी खरोखर नासलेली जमीन निर्दोष ठरते.

हा प्रश्न आपल्या हैदराबादकरांना परका नाही. मुंबईच्या रस्त्याने निघाले की तीसएक किलोमीटरवर पटानचेरू लागते. तेथे १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि त्याच दशकात त्या परिसरात औद्योगिक वसाहतही वाढीस लागली. औषधे, रसायने, रंग, धातुकाम अशा कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे ओढ्यांत आणि तळ्यांत गेले. त्यांतील एका ओढ्याचे नाव नक्कावागू. तेलुगूत नक्का म्हणजे कोल्हा आणि वागू म्हणजे ओढा. हा कोल्ह्याचा ओढा पुढे मांजरेस मिळतो. मांजरा ही बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी, लातूर-बीदर करीत तेलंगणात उतरणारी आणि पुन्हा उत्तरेकडे वळून कंदकुर्तीजवळ गोदावरीच्या स्वाधीन होणारी नदी. म्हणजे पटानचेरूचे पाणी अखेर गोदावरीचेच पाणी होते. या प्रदूषणाविरुद्ध १९९० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. हैदराबादच्याच राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तेथील मातीचे पृथक्करण करून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्रोमियम, आर्सेनिक यांसारख्या मूलद्रव्यांचे प्रमाण काही ठिकाणी अपेक्षेहून बरेच अधिक आढळले होते.

आता या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याच्या हाती प्रयोगशाळेचा कागद आला आहे अशी कल्पना करू. त्यावर लिहिले आहे : क्रोमियम, किलोग्रॅमला १८० मिलिग्रॅम. हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. शेतकरी विचारतो, 'माझी जमीन बिघडली का?' प्रामाणिक उत्तर असे की, एवढ्या कागदावरून ते सांगता येत नाही. ते सांगावयाचे तर अहवालाला चार प्रश्न विचारावे लागतात. माती कोठून उचलली? ती कशाने विरघळविली? आकड्याची तुलना कशाशी केली? आणि त्यातले पिकात किती उतरते? या चार प्रश्नांची ओळख करून देणे एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

लेश म्हणजे किती?

मातीचा बहुतांश भाग ऑक्सिजन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम अशा मोजक्या मूलद्रव्यांचा असतो. उरलेली मूलद्रव्ये अत्यल्प असतात, म्हणून त्यांना लेशमूलद्रव्ये म्हणतात. त्यांतील जस्त, तांबे यांसारखी काही पिकांना थोड्या प्रमाणात आवश्यक असतात आणि अधिक झाली की घातक ठरतात. शिसे, कॅडमियम, पारा यांचा पिकाला काहीच उपयोग नाही. आपले वाडवडील ज्याच्या विषाला सोमल म्हणत, ते आर्सेनिक काटेकोरपणे धातूही नव्हे, पण व्यवहारात जड धातूंच्या पंक्तीस बसते.

किलोग्रॅमला एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाखांत एक भाग. ऐकावयास हे नगण्य वाटते, म्हणून शेताचा हिशेब करून पाहू. एक हेक्टर जमिनीचा नांगरटीखालचा पंधरा सेंटिमीटरचा थर सुमारे वीस लाख किलोग्रॅम भरतो. म्हणजे किलोग्रॅमला एक मिलिग्रॅम याचा अर्थ हेक्टरला दोन किलोग्रॅम धातू.

अन्न व कृषी संघटनेने ओलिताच्या पाण्यासाठी सुचविलेली कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. वर्षभरात शेताला एक मीटर उंचीचे पाणी दिले तर हेक्टरी एक कोटी लिटर पाणी पडते, आणि त्यातून १०० ग्रॅम कॅडमियम येते. ते सारे वरच्या थरात राहिले असे धरले, तर मातीतील प्रमाण दरसाल ०.०५ मिलिग्रॅमने वाढते, आणि चाळीस वर्षांत २ मिलिग्रॅमने. निसर्गतः मातीत कॅडमियम बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच असते, आणि शेतजमिनीसाठी कॅनडाची मार्गदर्शक मर्यादा १.४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाणी प्रत्येक तपासणीत उत्तीर्ण होत राहिले, तरी एका पिढीत माती अनुत्तीर्ण होऊ शकते. पाणी वाहून जाते. माती साठवून ठेवते. म्हणून उद्योगक्षेत्रात केवळ पाणी तपासून भागत नाही.

पहिला प्रश्न : माती कोठून उचलली?

प्रयोगशाळेत पृथक्करणासाठी बहुधा अर्धा ग्रॅम माती लागते. हा अर्धा ग्रॅम वीस लाख किलोग्रॅमच्या वतीने साक्ष देणार असतो. साहजिकच मापनातील सर्वांत मोठी चूक महागड्या यंत्रात होत नसून शेतात, फावडे हाती असतानाच होते.

पिकाच्या खतमात्रेसाठी माती घेताना शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती घेऊन ती एकत्र करतात. बांधाजवळची, उकिरड्याजवळची, विहिरीकाठची माती टाळतात. खतासाठी हे योग्यच आहे. प्रदूषण शोधताना मात्र हीच रीत दिशाभूल करते. समजा, पंधरा ठिकाणांपैकी चौदा ठिकाणी एखाद्या धातूचे प्रमाण ५० आहे, आणि ओढ्याचे पाणी ज्या दंडाने शेतात शिरते त्याच्या तोंडाशी ते १,५०० आहे. साऱ्या मातीचे मिश्रण केले तर अहवालात सुमारे १४७ हा आकडा येईल. तो कोणत्याच जागेचा खरा नाही. चौदा जागांची तो निष्कारण बदनामी करतो आणि पंधराव्या जागेचे विष झाकतो. म्हणून संशयाच्या जागा वेगळ्या घ्याव्यात, त्यांची सरमिसळ करू नये, आणि प्रत्येक पिशवीवर जागा, खोली व तारीख लिहावी.

अवजारांचेही पथ्य आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती कालवली तर तपासणीत बादलीचेच जस्त सापडावयाचे. म्हणून प्लॅस्टिकचे वा लाकडी साधन वापरतात, माती सावलीत वाळवितात, नायलॉनच्या चाळणीने चाळतात आणि अकीकाच्या खलात घोटतात. हे सोवळे वाटेल, पण त्यामागे अनुभव आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५० च्या दशकात शिशाच्या साहाय्याने पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे निश्चित केले. त्या कामात त्यांना सर्वाधिक त्रास झाला तो प्रयोगशाळेच्या हवेतून, भांड्यांतून आणि रसायनांतून नमुन्यात शिरणाऱ्या शिशाचा. ते बाहेर ठेवण्यासाठी त्यांना खोलीच्या खोली निर्मळ करावी लागली. त्याच अनुभवातून पेट्रोलमधील शिसे सर्वत्र पसरले आहे हे त्यांच्या ध्यानी आले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. रस्त्याकडेच्या मातीत त्यापूर्वी पडलेले शिसे मात्र अद्याप पुष्कळ ठिकाणी जागच्या जागीच आहे.

दुसरा प्रश्न : माती विरघळविली कशाने?

१९५५ साली ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी अणु-शोषणाची पद्धत मांडली. नमुन्याच्या द्रावणाचा फवारा ज्योतीत सोडावा, आणि त्यातून जाणाऱ्या विशिष्ट रंगाच्या प्रकाशाचा किती अंश शोषला जातो ते पाहावे. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात, म्हणून जस्ताच्या जागी तांबे मोजले जाण्याची भीती फार थोडी. पुढे ज्योतीची जागा काही हजार अंश तापमानाच्या प्लाझ्माने घेतली, आणि १९८० च्या दशकापासून प्लाझ्मातील आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारी यंत्रे प्रचारात आली. ही यंत्रे अब्जांश भागापर्यंत पोहोचतात.

परंतु या सर्व यंत्रांना माती नको असते, मातीचे द्रावण हवे असते, आणि खरी गोम तेथेच आहे. सर्वसाधारणपणे माती आम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या तीनास एक मिश्रणात, उकळतात. सोने विरघळविणारे हे मिश्रण वाळूच्या कणापुढे मात्र हात टेकते. सिलिकेट खनिजांच्या जाळीत अडकलेला धातू सोडवावयाचा तर हायड्रोफ्लुओरिक आम्लच लागते. क्रोमाइटसारखी कणखर खनिजे तर आम्लराजाला जवळजवळ दाद देत नाहीत. उलट क्ष-किरणांच्या पद्धतीत, जिला एक्स-रे फ्लुओरेसन्स म्हणतात, मातीची वडी करून तिच्यावर क्ष-किरण सोडतात, आणि तिच्यातून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्ये ओळखतात. येथे विरघळविण्याचा प्रश्नच नसतो. जे काही आहे ते सगळे मोजले जाते.

परिणाम असा की, एकाच पिशवीतील माती दोन प्रयोगशाळांना दिली तर एक क्रोमियम १८० सांगेल आणि दुसरी १२०, आणि दोन्ही बरोबर असू शकतील. एकीने मातीतील सगळे क्रोमियम मोजले, दुसरीने आम्लाला शरण आलेले. न्यायालयात असे दोन अहवाल समोरासमोर आले की लोक म्हणतात, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. वस्तुतः मतभेद नसतो. प्रश्न निराळे असतात. म्हणून पद्धतीचे नाव न लिहिलेला अहवाल अपुरा समजावा.

प्रयोगशाळेचा प्रामाणिकपणा पडताळण्याची साधी युक्तीही सांगून ठेवतो. मातीच्या तुकडीबरोबर एक रिकामे पात्र, म्हणजे माती न घालता केवळ आम्लांचे, सर्व प्रक्रियेतून न्यावे. एका नमुन्याचे दोनदा पृथक्करण करावे. आणि जिची मूल्ये आधीच प्रमाणित आहेत अशी एक माती सोबत मोजावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने मॉन्टाना राज्यातील माती अशा कामासाठी प्रमाणित करून बाटल्यांत भरून दिली आहे. परक्या मातीचे उत्तर बरोबर आले, तर आपल्या मातीच्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो.

तिसरा प्रश्न : तुलना कशाशी?

येथे आपण शून्याच्या काट्यापाशी येतो. मातीतील धातूचे शून्य हे शून्य नसते. माती खडकापासून होते, आणि खडकाने दिलेली शिदोरी तिच्याजवळ असतेच. १९६१ साली टुरेकियन व वेडेपोल या भूरसायनशास्त्रज्ञांनी खडकांच्या सरासरी घटनेचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात बेसाल्टमधील क्रोमियम १७० आणि निकेल १३० दिले आहे. कमी कॅल्शियमच्या ग्रॅनाइटमध्ये तेच आकडे केवळ ४.१ आणि ४.५ आहेत. शिशाची गोष्ट उलटी : बेसाल्टमध्ये ६, ग्रॅनाइटमध्ये १९.

आपण ज्या भूमीवर राहतो तिचे वैशिष्ट्य असे की, या दोन खडकांची सीमा येथून जवळच आहे. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसले आहे. शहरातील गोलमटोल शिळा आपण रोज पाहतो. पश्चिमेस जहिराबाद-बीदरच्या बाजूला मराठवाड्यातून आलेला बेसाल्टचा थर सुरू होतो. काळी जड माती आणि तेलंगणात जिला चलका म्हणतात ती तांबडी हलकी माती अशा दोन्ही जाती इक्रिसॅटच्या एकाच आवारात आढळतात. एका कुंपणात दोन प्रकारची माती असेल, तर दोन्हींना एकच शून्य कसे लावावे?

आता आपले १८० घेऊ. जर्मन शास्त्रज्ञ म्युलर यांनी १९६९ साली एक निर्देशांक सुचविला. मोजलेल्या प्रमाणास मूळ पातळीच्या दीडपटीने भागावे आणि भागाकार दोनाचा कितवा घात आहे ते पाहावे. मूळ पातळीत निसर्गतः चढउतार असतात, त्यांना वाव म्हणून ही दीडपट. बेसाल्टपासून झालेल्या एखाद्या मातीची मूळ पातळी १२० धरली तर तिची दीडपट १८० होते, भागाकार एक, निर्देशांक शून्य : माती निर्दोष. ग्रॅनाइटच्या मातीची मूळ पातळी ३० धरली तर तिची दीडपट ४५, भागाकार चार, निर्देशांक दोन : मध्यम ते तीव्र प्रदूषणाच्या उंबरठ्यावर. १८० हा आकडा तोच, यंत्र तेच, दोष मात्र एका शेतात आहे आणि दुसऱ्यात नाही.

परदेशांतील मर्यादा उचलून येथे लावण्याचा धोका यावरून लक्षात यावा. शेतजमिनीसाठी कॅनडाची क्रोमियमची मार्गदर्शक मर्यादा ६४ आहे, आणि भारतीय शोधनिबंधांत ती नेहमी आढळते. तिच्या हिशेबाने दख्खनच्या काळ्या मातीची कित्येक निष्कलंक शेते प्रदूषित ठरतील. उलट मूळ पातळी दहा-वीसच असलेल्या तांबड्या जमिनीत कारखान्याने तिप्पट भर घातली, तरी ती ६४ च्या आतच राहून सुटेल.

वादाचे मूळही येथेच असते. कारखान्याचा पक्ष म्हणतो, हे धातू खडकातच होते. शेतकऱ्याचा पक्ष म्हणतो, हे पाण्याबरोबर आले. कारखाना उभा राहण्यापूर्वीची माती कोणीच जपून ठेवलेली नसते, त्यामुळे निवाडा लांबतो आणि पुरावा देण्याचे ओझे ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्याच्यावर पडते.

तरीही भूमी अगदी निरुत्तर नसते. त्याच शेतात मीटरभर खोलीची माती घ्यावी. धातू खडकातून आला असेल तर वर आणि खाली प्रमाण सारखेच असते. तो वरून आला असेल तर वरचा थर भरलेला आणि खालचा रिता दिसतो. ओढ्याच्या वरच्या अंगाची, कारखान्यांच्या आधीची, त्याच जातीची माती खालच्या अंगाच्या मातीशी ताडून पाहावी. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम यांसारखी, सहसा प्रदूषणाने न वाढणारी मूलद्रव्ये सोबत मोजावीत, आणि धातूचे त्यांच्याशी गुणोत्तर वर-खाली बदलते का ते पाहावे. हलक्या, आम्ल मातीत काही धातू पाझरून खाली जातात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. पण तिन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या की संशयाला जागा फारशी उरत नाही.

चौथा प्रश्न : पिकात किती उतरते?

जमिनीत धातू आहे एवढ्याने तो ताटात येत नाही. जपानातील जिन्झू नदीच्या खोऱ्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या या नदीच्या वरच्या भागात कामिओका ही जस्त व शिशाची खाण होती. तिच्यातून सुटलेले कॅडमियम नदीच्या पाण्याबरोबर खालच्या भातखाचरांत पसरले. अनेक बाळंतपणे झालेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडू लागली. त्यांच्या विव्हळण्यावरूनच रोगाला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', असे नाव पडले. स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी कॅडमियमकडे बोट दाखविले, ओकायामा विद्यापीठातील जुन कोबायाशी यांच्या पृथक्करणांनी त्यास बळ दिले, आणि १९६८ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाने हे कारण अधिकृतपणे मान्य केले.

त्यानंतर १९७० साली जपानने शेतजमिनीच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला. त्यातील एक तपशील मोलाचा आहे. कॅडमियमसाठी मातीची मर्यादा न ठरविता त्या जमिनीत पिकलेल्या तांदळाची मर्यादा ठरविली : किलोग्रॅमला एक मिलिग्रॅम. २०१० साली ती ०.४ वर आणली. तांबे व आर्सेनिक यांच्या मर्यादा मातीच्या आहेत, पण त्याही सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात उतरणाऱ्या भागाच्याच. कारण मातीतील एकूण कॅडमियमवरून तांदळातील कॅडमियमचे भाकीत करता येत नाही, हे अनुभवाने कळले होते.

असे का होते? मातीतील धातू एकाच स्थितीत नसतो. काही चिकणमातीच्या कणांना सैल चिकटलेला, काही चुनखडीत, काही लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांवर, काही सेंद्रिय पदार्थांत, आणि उरलेला खनिजांच्या गाभ्यात कायमचा बंद. १९७९ साली टेसिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रमाक्रमाने तीव्र होत जाणाऱ्या द्रावणांनी हे पाच भाग वेगळे काढण्याची रीत घालून दिली. मुळांना सहज मिळतो तो पहिला भाग. शेवटचा भाग कितीही मोठा असला तरी पिकाच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच.

या वाटणीवर सर्वाधिक सत्ता सामूची चालते. आम्ल मातीत कॅडमियम, शिसे, जस्त मोकळे होतात; अल्कधर्मी, चुनखडीयुक्त काळ्या मातीत ते बांधलेले राहतात. चीनच्या २०१८ च्या मानकात याची दखल आहे. भातखाचरातील कॅडमियमची संशयसीमा सामू ५.५ वा त्याहून कमी असता ०.३, आणि ७.५ च्या वर असता ०.८ आहे. त्या देशाने २००५ ते २०१३ या काळात मातीची देशव्यापी पाहणी केली होती. २०१४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्यांपैकी १६.१ टक्के, आणि शेतजमिनीत १९.४ टक्के ठिकाणे मर्यादेबाहेर होती. अग्रक्रम कॅडमियमचा होता. झपाट्याने औद्योगिक झालेल्या देशाने स्वतःच प्रसिद्ध केलेले हे आकडे आहेत.

मात्र सर्व विषांना एकच नियम लागत नाही. आर्सेनिक आणि षट्‌संयुजी क्रोमियम अल्कधर्मी मातीतच अधिक मोकळे फिरतात. क्रोमियमचे रूपही पाहावे लागते. त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी असते. धातूवर चकाकी देण्याच्या कारखान्यांतून येणारे षट्‌संयुजी रूप पाण्याबरोबर चालते आणि कर्करोगकारक आहे. अहवालात केवळ 'क्रोमियम' लिहिले असेल, तर चोर आणि साव यांची नावे एकाच ओळीत लिहिली आहेत असे समजावे. भातखाचरात तर आणखी पेच आहे. पाणी साचलेले असता कॅडमियम गंधकाशी बांधले जाते आणि तांदळात कमी उतरते, पण आर्सेनिक सुटते. खाचर कोरडे केले की आर्सेनिक बांधले जाते आणि कॅडमियम सुटते. दोन्ही विषे असलेल्या जमिनीत शेतकऱ्याने पाणी धरावे की सोडावे? दोन्ही आकडे स्वतंत्रपणे हाती असल्याशिवाय हा सल्ला देता येत नाही.

आपल्यापुढील काम

२०१५ साली आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टी तपासतात. खतासाठी ही पत्रिका उपयुक्त आहे. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि क्रोमियम मात्र तिच्यात नाहीत. म्हणून 'पत्रिका चांगली आली' याचा अर्थ 'जमीन निर्विष आहे' असा करू नये. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागा नोंदविणे, त्यांची तपासणी करणे आणि दोषी पक्षाकडून खर्च वसूल करणे याची चौकट त्यांत आहे. चौकटीत चित्र भरावयाचे तर प्रत्येक प्रदेशाची, प्रत्येक जातीच्या मातीची मूळ पातळी आधी माहीत असावी लागेल.

बिघडलेली जमीन सुधारता येते, पण ते काम सोपे नाही. जिन्झूच्या खोऱ्यात दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ माती पसरण्याचे काम तीस वर्षांहून अधिक काळ चालले आणि २०१२ साली संपले. वेळेवर केलेले मापन त्याच्यापुढे कितीतरी स्वस्त पडते.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी व माजी विद्यार्थ्यांसाठी एक सूचना करतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून शेतीचे प्रयोग अखंड चालू आहेत, आणि तेथील मातीचे व पिकांचे नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले आहेत. ते ठेवणाऱ्यांच्या मनात कॅडमियमचा विचारही नव्हता. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच बाटल्या उघडून शास्त्रज्ञांना सांगता आले की, जमिनीतील कॅडमियम हळूहळू वाढत गेले आहे. जे मोजण्याचे यंत्रही तेव्हा अस्तित्वात नव्हते, त्याचा पुरावा एका साध्या सवयीने राखून ठेवला होता.

आपल्या शाळेला हे सहज करता येईल. दर वर्षी एकाच दिवशी शाळेच्या मैदानातून, आणि ज्या माजी विद्यार्थ्यांची शेते उद्योगक्षेत्राजवळ आहेत त्यांच्या शेतांतून, ठरावीक जागेची माती घ्यावी : एक नमुना पंधरा सेंटिमीटरपर्यंतचा, एक मीटरभर खोलीचा. ती सावलीत वाळवून स्वच्छ काचेच्या बाटलीत भरावी, आणि चिठ्ठीवर जागा, खोली, तारीख व घेणाऱ्याचे नाव शाईऐवजी पेन्सिलीने लिहावे, कारण शाई उडते. यास यंत्र लागत नाही. एक कपाट आणि एक जबाबदार शिक्षक पुरे. आज त्या बाटल्यांचा काहीच उपयोग दिसणार नाही. पण चाळीस वर्षांनी कोणी विचारले की, हे विष भूमीचेच होते की नंतर आले, तर उत्तर देण्यासाठी शाळेच्या कपाटात काट्याचे शून्य जपून ठेवलेले असेल.